चोवीस अंशांची भानगड

शाळेला दोन बाजू होत्या, डावी आणि उजवी, आणि मधे रुंद जिना. डाव्या बाजूला बारा महिने घामाच्या धारा लागायच्या आणि उजव्या बाजूला बारा महिने दात वाजायचे. बाहेर ऊन तापलेलं असो की धुकं पडलेलं असो, आतल्या व्यवस्थेत फरक पडत नसे.

याला कारण तळघरातलं जुनं यंत्र. शाळा थंडीत गरम आणि उन्हाळ्यात गार राहावी म्हणून ते कधीकाळी बसवलेलं होतं. पण वय झाल्यावर त्याच्या पोटात काय फिरलं कुणास ठाऊक, त्याने दोन्ही कामं एकदमच करायला घेतली. सगळी ऊब डावीकडे, सगळा गारवा उजवीकडे. अंग अवाढव्य, घरघर अंगाला शोभेल अशी, आणि छतातून वर्गावर्गात गेलेल्या पत्र्याच्या जाड नळ्या सोंडांसारख्या. म्हणून सगळे त्याला हत्ती म्हणायचे.

माणूस कशालाही सरावतो, तशी शाळाही सरावली होती. डावीकडची मुलं पातळ, बिनबाह्यांच्या कपड्यांत बसायची. उजवीकडची मुलं स्वेटर, मफलर, कानटोपी अशा थाटात. उजवीकडचे भाषेचे सर हातमोजे घालूनच खडू धरायचे. त्यामुळे फळ्यावरचं त्यांचं अक्षर कुणाला लागत नसे, आणि मुलांचं वाचन फार कच्चं आहे अशी तक्रार ते दर बैठकीत करत. डावीकडे चित्रकलेचे सर होते. तिथे रंग कागदाला टेकायच्या आत ब्रशवरच वाळायचा, म्हणून ते वर्षानुवर्षं पेन्सिलीने वाळवंटच काढून घेत होते. भूगोलाच्या बाईंची मात्र चैन होती. उष्ण प्रदेश शिकवायचा की मुलं डावीकडे न्यायची, थंड प्रदेश आला की उजवीकडे. समशीतोष्ण हवामान जिन्यावर उभं राहून शिकवलं जाई.

मुख्याध्यापिकांची खोली बरोबर जिन्याच्या माथ्यावर होती. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांच्या खुर्चीचा डावा हात गरम आणि उजवा हात गार. बाई उजव्या खांद्यावर शाल टाकून बसायच्या आणि डाव्या हाताने वारा घ्यायच्या. नवीन पालकांना पहिल्या भेटीत ते जरा चमत्कारिक वाटायचं.

हे असंच चालत राहिलं असतं. पण संस्थेच्या अध्यक्षांची नात शाळेत आली आणि तिला उजवीकडचा वर्ग मिळाला. पालकसभेला अध्यक्ष स्वतः आले, नातीच्या बाकावर बसले आणि मग भाषणाला उभे राहिले. "प-प-पालक हो," एवढंच त्यांना नीट बोलता आलं. बाकीचं भाषण दातांनीच केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं: हत्ती काढा, नवीन यंत्र आणा.

सांगणं सोपं होतं. कंत्राटदार यायचे, तळघरात उतरायचे, हत्तीकडे बघायचे, मग मागे वळून दाराकडे बघायचे, आणि कपाळाला हात लावून वर यायचे. दार होतं माणूस जेमतेम आत जाईल एवढं, आणि हत्ती खोलीएवढा. म्हणजे आधी हत्ती ठेवला होता आणि मग त्याच्याभोवती शाळा बांधली होती. "बाई, यंत्र बदलायचं तर शाळा बाजूला घ्यावी लागेल," असं एक जण गंभीरपणे सांगून गेला. बाकीच्यांनी तेवढंही सांगितलं नाही.

आणि एका सकाळी अध्यक्ष हसत हसत मोठ्या बाईंच्या खोलीत शिरले.

"बाई, सापडला माणूस! सगळे पळाले, हा मात्र म्हणाला, होऊन जाईल."

'होऊन जाईल' हे शब्द ऐकताच बाईंचा वारा घेणारा हात थांबला. आख्ख्या जगात हे शब्द अशा खुशीत म्हणणारा एकच माणूस त्यांना माहीत होता. तोच माणूस अध्यक्षांच्या मागून आत आला आणि तोंडभर हसला.

"वहिनी!"

"तुमची ओळख आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"धाकटे दीर आहेत माझे," बाई म्हणाल्या. न सांगून जातात कुठे?

"वा! घरचाच माणूस. मग तर प्रश्नच मिटला."

प्रश्न मिटला नव्हता, तो आता सुरू झाला होता, हे फक्त बाईंना कळत होतं. भाऊजी मनाचे सोन्यासारखे होते, पण त्यांच्या हाताला यश नव्हतं. त्यांनी सासूबाईंचा मिक्सर दुरुस्त केला, तेव्हापासून दाराची घंटा वाजवली की मिक्सर सुरू व्हायचा. पाहुणे आले की आधी चटणीचं भांडं उडायचं, मग दार उघडायचं. थोरल्या भावाचं घड्याळ त्यांनी उघडलं, तेव्हापासून ते अगदी अचूक चालायचं, पण उलट. स्वयंपाकघराला त्यांनी हौसेने बसवून दिलेली खिडकी फक्त बाहेरून उघडायची. आणि प्रत्येक वेळी कामाला हात घालताना भाऊजी म्हणायचे, "होऊन जाईल."

संध्याकाळी जेवताना बाईंनी नवऱ्याला सांगितलं. त्याने घास तसाच हातात धरला.

"माझा सख्खा भाऊ आहे, म्हणूनच सांगतो," तो म्हणाला, "त्याला शाळेपासून लांब ठेव."

"आता कसं ठेवू? अध्यक्षांनी शब्द दिलाय."

पलीकडून सासूबाई बोलल्या, "सांभाळून घे गं त्याला. वाईट नाही तो."

"आई, वाईट कोण म्हणतंय? चारशे पोरं आहेत तिथे. शाळा म्हणजे मिक्सर नाही," नवरा म्हणाला.

दार ढकलून भाऊजी नेमके तेव्हाच आत येत होते. त्यांनी बसवलेली ती खिडकी आतून लावताही येत नसे, त्यामुळे घरातलं सगळं बोलणं बाहेर ऐकू जायचं, हे कुणाच्या लक्षात नव्हतं. त्यांनी ऐकलं. पाटावर बसले, वाढलं ते जेवले, आणि कधी नव्हे ते "होऊन जाईल" न म्हणताच उठून गेले.

त्या रात्रीपासून भाऊजींना काहीतरी झालं. नवीन यंत्राबरोबर माहितीचं एक जाडजूड पुस्तक आलं होतं. भाऊजींनी आयुष्यात असली पुस्तकं खिडकीखाली टेकू म्हणूनच वापरलेली. या वेळी त्यांनी ते वाचलं. कडेला पेन्सिलीने खुणा केल्या. न कळलेलं पुन्हा वाचलं. मग शाळेत येऊन ते वर्गावर्गात हिंडू लागले, भिंतींना हात लावून बघू लागले, नळ्यांना कान लावून ऐकू लागले. शाळेत 'वहिनी' म्हणायचं नाही, 'मॅडम' म्हणायचं, असं बाईंनी बजावलं होतं. त्यांनी ते मनावर घेतलं, पण जिभेचं वळण जाईना, म्हणून ते बाईंना 'वहिनीमॅडम' म्हणायला लागले. आठवड्याभरात सगळे शिक्षक पाठीमागे तसंच म्हणू लागले.

सुट्टी लागली आणि काम सुरू झालं. हत्ती दारातून निघणार नव्हता, तेव्हा तो तळघरातच कापायचा ठरला. त्यासाठी भाऊजींनी एक वेल्डर आणला. त्याला सगळे ठिणगी म्हणत, कारण तो बोलायला लागला तरी समोरच्याला चटका बसायचा.

"कापू का जपून ठेवू?" ठिणगीने हत्तीकडे बघत विचारलं. "माझ्या आजोबांच्या वयाचा आहे. ते तरी बिचारे एका वेळी एकच काम करायचे."

तुकडे होऊ लागले तसं हत्तीच्या पोटातून आणि सोंडांतून कायकाय निघायला लागलं. खोडरबर, मोजे, बुद्धिबळातला एक उंट, खेळाच्या सरांची शिट्टी. आणि उजव्या बाजूच्या नळीतून एक दातांची कवळी. ती इतिहासाच्या निवृत्त सरांची होती. शिकवता शिकवता थंडीने दात वाजू लागले आणि कवळीच निसटून जाळीतून आत गेली, असं ते तेव्हा सांगत होते, पण कुणी विश्वास ठेवला नव्हता. सरांना निरोप गेला. ते रिक्षाने आले, नळाखाली कवळी खळखळून धुतली, तोंडात बसवली आणि चाचणी म्हणून समोर उभ्या असलेल्या ठिणगीला वर्गातल्या आवाजात म्हणाले, "गप्प बस."

"अजून बसते आहे व्यवस्थित," ते समाधानाने म्हणाले आणि निघून गेले.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं व्हायची बाईंना भीती होती. पण शेपूटही गेलं. नवीन यंत्र भागाभागांनी दारातून आत गेलं आणि आत जोडलं गेलं. भाऊजी कोपरापर्यंत काळे झाले होते. त्यांनी प्रत्येक वर्गात एक छोटी डबी बसवली. ती वर्गाची हवा जोखायची आणि खालच्या यंत्राला कळवायची. मग एका दुपारी ते बाईंच्या खोलीत आले.

"वहिनी, चला ना जरा."

शाळेत फक्त ते दोघंच होते, म्हणून बाईंनी 'मॅडम'चा आग्रह धरला नाही. भाऊजींच्या हातात तापमापक होता. ते डाव्या टोकाच्या वर्गात गेले. चोवीस अंश. मधल्या वर्गात गेले. चोवीस. जिन्यावर चोवीस, उजव्या टोकाला चोवीस, बाईंच्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर चोवीस. पाणी प्यायच्या नळापाशी, नकाशांच्या खोलीत, वर गच्चीकडे जाणाऱ्या अरुंद बोळात, सगळीकडे चोवीस.

"झालं," भाऊजी म्हणाले. "म्हणजे, खरंच झालं."

बाईंनी शाल काढून घडी घातली. दिराच्या पाठीवर थाप मारायची रीत घरात नव्हती, म्हणून त्यांनी नुसतंच म्हटलं, "हात धुवून घ्या भाऊजी, चहा टाकते."

शाळा उघडली त्या सकाळी मोठ्या बाई मुद्दाम दारात उभ्या राहिल्या. मुलं आत गेली. प्रार्थना झाली. वर्ग भरले. आणि पहिला तास संपायच्या आत चित्रकलेचे सर धावत आले. काखांत हात खुपसलेले.

"बाई, मुलं काकडलीत हो! डावी बाजू बर्फ झालीय."

बाई काही बोलणार तोच उजवीकडून भाषेचे सर आले. कानटोपी घामाने भिजलेली.

"बाई, भट्टी झालीय नुसती. पोरं वितळायला लागली."

"सर, दोन्हीकडे चोवीसच आहे."

"असेल. पण आमच्याकडचं चोवीस फार गरम आहे."

"आणि आमच्याकडचं गार," चित्रकलेचे सर म्हणाले.

दोघंही एकाच दारात, एकाच हवेत उभे होते. एक कुडकुडत होता, एक घाम पुसत होता, आणि दोघंही एकमेकांकडे संशयाने बघत होते. यानेच आपली हवा पळवली, असा प्रत्येकाचा समज झालेला दिसत होता.

दुपारपर्यंत पालक जमले. डावीकडचे पालक म्हणाले, मुलं आजारी पडतील. उजवीकडचे पालक म्हणाले, पडलीच आहेत. भूगोलाच्या बाई वेगळंच दुःख घेऊन आल्या. "मी आता शिकवू कशी? सगळीकडे समशीतोष्ण. मुलांना वाटतं, जगच असं आहे." पण सगळ्यांत बिकट प्रकरण आठवड्याने आलं, ते गणिताच्या सरांचं आणि विज्ञानाच्या बाईंचं. दोघं नवराबायको. सर डावीकडे शिकवायचे, बाई उजवीकडे. सरांना घरी गेल्यावर थंडी वाजायची, ते दुलई घेऊन बसायचे. बाईंना उकडायचं, त्या खिडक्या उघडायच्या. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी यावरून भांडण ठरलेलं. नवीन यंत्र आल्यावर शाळेची आणि घरची हवा एकच झाली, आणि आठवडाभर सगळं घर शांत होतं.

"शांत आहे म्हणजे चांगलंच ना?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"कसलं चांगलं?" विज्ञानाच्या बाई उसळून म्हणाल्या. "एकमेकांकडे बघत बसतो नुसते. काय बोलावं सुचत नाही. काल यांनी मला विचारलं, तुमचं मूळ गाव कुठलं?"

गणिताचे सर खाली मान घालून म्हणाले, "माहीत होतं मला. पण काहीतरी विचारायला हवं ना."

शेवटी अध्यक्षांनी बैठक बोलावली. ज्या नातीसाठी हा सगळा खटाटोप केला होता, तीच आता 'आजोबा, उकडतं' म्हणून रडत होती. आजोबांचा जीव तो. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं, असं ते पुटपुटले आणि मग खाकरून म्हणाले, "सर्वांची इच्छा दिसते, तर पूर्वीसारखं करून टाकू. यंत्र नवीनच राहू दे. फक्त डावीकडे गरम, उजवीकडे गार."

"म्हणजे बिघडवायचं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"बिघडवायचं नाही हो. जुन्या वळणावर आणायचं."

हे भाऊजींना सांगायचं काम बाईंच्याच गळ्यात आलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली. त्या तळघरात उतरल्या. भाऊजी नव्या यंत्राचा पत्रा जुन्या कापडाने पुसत होते. पुसण्यासारखं त्याच्यावर काहीच नव्हतं.

बाईंनी सांगितलं. भाऊजींच्या हातातलं कापड थांबलं.

"वहिनी," ते म्हणाले, "आजवर माझ्याकडून सगळ्यांनी कामं नीट करून मागितली आणि ती बिघडली. हे एक पहिल्यांदा नीट झालं, तर तुम्ही बिघडवून मागताय?"

"संस्थेचा निर्णय आहे," बाई म्हणाल्या आणि स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

भाऊजींनी मान डोलावली. "होऊन जाईल," ते म्हणाले. पण त्यात पूर्वीची खुशी नव्हती.

ते कामाला लागले. आधी त्यांनी उजवीकडे जाणारी गरम हवेची नळी बंद केली. वर्गातल्या डब्यांनी ताबडतोब खाली कळवलं, आणि यंत्राने दुसऱ्या वाटेने हवा पाठवून वर्ग चोवीसवर आणले. मग भाऊजींनी डावीकडच्या डब्या काढून टाकल्या. यंत्राने शेजारच्या वर्गांवरून अंदाज बांधला आणि अंदाज बरोबर निघाला. त्यांनी एका डबीवर गरम पाण्याची पिशवी बांधून बघितली. यंत्राला ती थाप कळली. त्यांनी तारा उलट्या जोडल्या, यंत्राने स्वतःच सुलट धरल्या. ठिणगीने एक तडाखा द्यायचा सल्ला दिला. भाऊजींनी डोळे मिटून एक हलकीशी चापट मारली. घरघर आधीपेक्षा कमी झाली.

दोनदा हात लावला की घड्याळ उलटं फिरवणारा माणूस, आठ दिवस झटूनही त्याला एक यंत्र बिघडवता येईना. नाकी नऊ आले. शेवटी त्यांनी यंत्राच्या कंपनीला फोन लावला. बाई तेव्हा तिथेच होत्या, म्हणून त्यांनी तो ऐकला.

"तक्रार नोंदवायची आहे," भाऊजी म्हणाले.

"काय बिघडलंय, साहेब?" पलीकडून एक गोड आवाज.

"काही नाही."

"मग तक्रार काय आहे?"

"तीच."

पलीकडे थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. "साहेब, हमीच्या काळात आम्ही बिघाड दुरुस्त करून देतो. बिघाड करून देत नाही."

"पैसे घेऊन?"

"नाही साहेब. आमच्याकडे तसं कौशल्य नाही."

भाऊजींनी फोन ठेवला. ते आता रडतील असं बाईंना वाटलं. पण भाऊजी हसायला लागले. आधी बारीक, मग खांदे हलेपर्यंत. "वहिनी, कंपनीलाही जमत नाही! मी असं काही बसवलंय की ते..." पुढे त्यांना बोलताच येईना. तळघरात, यंत्राच्या शेजारी एका उलट्या बादलीवर बसून तो मोठा माणूस पोट धरून हसत होता. आणि बघता बघता बाईंनाही हसू आवरेना. लग्न होऊन या घरात आल्यापासून दिराबरोबर त्या इतक्या हसल्या नव्हत्या.

पण घरी भाऊजींची अवस्था वेगळी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई बाईंच्या मागे मागे फिरत राहिल्या.

"अगं, तो जेवत नाही. म्हणतो, आई, बिघडतच नाही. आनंद आहे म्हणतो, आणि डोळ्यांत पाणी. हा कसला आनंद गं? तू काहीतरी कर."

"मी काय करू आई?"

"मला काय विचारतेस? मोठ्या बाई तू आहेस."

बाई शाळेत पोचल्या त्या तडक सभागृहात गेल्या. अध्यक्षांनी त्याच दिवशी सगळ्यांना बोलावलं होतं, काम 'पूर्ववत' झालं की नाही ते ऐकायला. सभागृहाच्या डाव्या अर्ध्या भागात माणसं हात चोळत बसली होती, उजव्या अर्ध्या भागात वह्यांनी वारा घेत होती. मधे एक खुर्ची रिकामी होती, तिथे भाऊजी अंग चोरून बसले.

"काम झालं का बाई?" अध्यक्षांनी विचारलं.

बाई उभ्या राहिल्या. "झालं," त्या म्हणाल्या. "माझ्या दिरांनी केलं. आणि ते इतकं नीट केलंय की त्यांना स्वतःलाही आता ते बिघडवता येत नाही."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. बाईंनी हात वर केला, जसा त्या गडबड करणाऱ्या वर्गासमोर करायच्या.

"मी त्यांना ते बिघडवायला सांगितलं होतं. ती चूक माझी. आता सांगते ते ऐका. ज्यांना उकडतंय त्यांनी स्वेटर काढावा. ज्यांना थंडी वाजतेय त्यांनी घालावा."

सगळे आपापल्या अंगावरच्या कपड्यांकडे बघू लागले. हे इतके दिवस कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"काढायचा?" भाषेच्या सरांनी विचारलं. कातडी काढायला सांगितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "पण मग... तो ठेवायचा कुठे?"

"आमच्याकडे एकसुद्धा नाही," पलीकडून चित्रकलेचे सर बोलले. "आम्हाला कधी लागलाच नाही."

दोन्ही बाजू पहिल्यांदाच एकमेकींकडे नीट बघत होत्या. मग अध्यक्षांची नात उठली. तिने मफलर काढला, कानटोपी काढली, एकावर एक घातलेले दोन स्वेटर काढले, आणि तो सगळा ढीग कवेत घेऊन रांग ओलांडून डावीकडे गेली. तिथे दात वाजवत बसलेल्या एका मुलीच्या मांडीवर तो टाकला आणि सुस्कारा सोडून परत आली. त्यानंतर सभागृहात जो काही गोंधळ उडाला तो सांगता येणार नाही. स्वेटर डोक्यांवरून उडत होते. हातमोज्यांच्या जोड्या फुटल्या. गणिताच्या सरांच्या अंगावर विज्ञानाच्या बाईंचा पांढरा, गुडघ्यापर्यंत येणारा लोकरी कोट आला. त्यात ते इतके विचित्र दिसले की बायकोलाच खुदकन हसू आलं.

"काय हसताय?" सर म्हणाले.

"अगदी ध्यान दिसताय."

"कोट तुमचाच आहे!"

आणि त्यांची तिथेच जुंपली. मोठ्या बाईंनी त्यांना अडवलं नाही.

अध्यक्षांनी मग उभं राहून भाऊजींचं कौतुक केलं. या वेळी त्यांचे दात वाजत नव्हते, त्यामुळे भाषण फार लांबलं. भाऊजींना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले, घसा साफ केला, सगळीकडे बघितलं. आणि तसेच खाली बसले. कडेला उभ्या असलेल्या ठिणगीने मोठ्याने टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनी वाजवल्या.

हळूहळू शाळेचं अंग नव्या हवेला सरावलं. स्वेटर आधी पातळ झाले, मग खुंटीवर गेले. भाषेच्या सरांचे हातमोजे सुटले, अक्षर मोत्यासारखं निघालं, आणि त्यांच्या शुद्धलेखनाच्या चुका आता शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट दिसू लागल्या. चित्रकलेच्या सरांनी बिचकत बिचकत रंगांच्या बाटल्या उघडल्या. मुलांनी पहिल्यांदा नदी रंगवली. ती ओलीच राहिली आणि कागदावरून वाहत बाकाखाली गेली. सर तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. भूगोलाच्या बाईंनी नकाशे झटकून भिंतीवर टांगले.

पुढच्या वर्षी वर्ग बदलले, डावीउजवीकडची मुलं एकमेकांत मिसळली. हत्ती कधी होता, हेही नव्या मुलांना माहीत नव्हतं. घरी भाऊजी दोन घास जास्त जेवू लागले होते. तरी सासूबाईंच्या मिक्सरला हात लावायला त्यांना कुणी सांगितलं नाही.

आणि मग एका सोमवारी चित्रकलेचे सर मोठ्या बाईंच्या खोलीत आले. "बाई, तासाची घंटा फार मोठ्याने वाजते हो. डाव्या बाजूला कानठळ्या बसतात."

त्यांच्या मागोमाग भाषेचे सर. "बाई, घंटेचं काहीतरी करा. उजव्या बाजूला ऐकूच येत नाही."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"वहिनीमॅडम," पलीकडून उत्साहाने आवाज आला, "घंटेची काही तक्रार आहे म्हणून कानावर आलं. मी येऊ का? होऊन जाईल."

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. मैदानात मुलं घंटेची वाट न बघताच खेळायला पळत सुटली होती.

"नको भाऊजी," त्या म्हणाल्या. "वाजतेय तशी वाजू दे. तुम्ही जेवायला या संध्याकाळी."